बोरूची कुळकथा

शिरूर कासारसारख्या सिंदफणेकाठच्या गावी, निजामाच्या अमलात वरचा सरकारी कारभार आधी फारसीत आणि १८८४ नंतर उर्दूत चालू लागला, तरी कुलकर्ण्याची जमाबंदी आणि वतनाचे कज्जे मोडीतच उतरत राहिले. आणि ती मोडी ज्या बोरूने, म्हणजे नळाच्या लेखणीने, धावली, त्याच्या घराण्याचा अगदी जुना पुरुष शोधू गेल्यास तो भूमध्य समुद्राकाठच्या खाऱ्या दलदलीत आणि वाळूच्या टेकाडांत उभा आढळतो.

प्राचीन मिसरचे लेखक लिहीत ते तेथल्या समुद्री लव्हाळ्याच्या काडीने. ही काडी पोकळ नव्हे, आत मऊ गर भरलेली. टोक तिरपे छाटून दातांनी चावले की तंतू सुटून तिचा कुंचला होई. तुतनखामेनच्या १९२२ साली सापडलेल्या थडग्यात तांबड्या-काळ्या शाईच्या वड्यांसह अशा काड्या निघाल्या. चित्रलिपीला कुंचला शोभतो, हिशेबाला नव्हे. पुढे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास, ग्रीकांनी तेथे नळाच्या पोकळ, टणक कांडीला चीर देऊन केलेली लेखणी रूढ केली, आणि लव्हाळा मागे पडला. भूर्जपत्रावर शाईने लिहिणारा आपला देश नळाच्या लेखणीला परका नव्हताच. परंतु कागद आणि दफ्तर यांचा सुळसुळाट दक्षिणेत झाला तो मुसलमानी अमलात, आणि बोरूचे खरे राज्य तेव्हापासूनचे. म्हणजे त्या लव्हाळ्याचा हा औरस वंशज नव्हे. गादी मात्र याच्याकडे आली, असे माझे मत.

कारकुनाने चाकूने कांडे तासावे, तिरका छेद घेऊन मधोमध बारीक चीर द्यावी, काजळ-डिंकाच्या शाईत बुडवून प्रथम कागदभर आडवी रेघ ओढावी आणि मग, शाई पुरेल तोवर हात न उचलता, तिच्याखाली अक्षरे लोंबकळत सोडावी, शेवटी ओल्या मजकुरावर वाळू भुरभुरावी, असा तो रिवाज. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबांचे गठ्ठे येऊ लागले. टाक आला आणि बोरू ‘बोरूबहाद्दरा’पुरता उरला.

शिरूर भागातील कोणा जुन्या घराच्या माळ्यावर बोरूने लिहिलेली दफ्तरे अजून रुमालांत बांधलेली असतील, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी मोडी वाचणाऱ्या एखाद्या जाणत्यास एकवार दाखवावीत, एवढी विनंती.