एका लग्नाचे पदक

सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची एक चकती. एका बाजूला डावीकडे तोंड केलेला, दाट कुरळ्या केसांचा पुरुष. दुसऱ्या बाजूला एक सिंह आणि त्याच्यासमोर स्वरलिपीचा कागद उलगडून धरलेला, पंख असलेला एक बालक. सिंह चक्क गाण्याचा धडा घेतो आहे! १४४४ सालचे हे पदक इटलीतील फेराराचा मार्की (म्हणजे सरदार-संस्थानिक) लिओनेल्लो देस्ते याचे आहे. इतिहासाचे साधन कसे वाचावे, हे त्याच्या आधारे आपण पाहू.

आधी चित्राचा अर्थ लावू. लिओनेल्लो या नावाचा अर्थच ‘छोटा सिंह’. पंख असलेला बालक म्हणजे क्युपिड, रोमन लोकांचा प्रेमदेव. त्या वर्षी लिओनेल्लोचा विवाह अरागॉनच्या राजाची मुलगी मारिया हिच्याशी झाला. प्रेमाने सिंहालाही गायला लावले, असा हा विनोद आहे.

पण वधू कोठे आहे? पदकावर मारियाचा चेहरा नाही, नावही नाही. लिओनेल्लोच्या डोक्यावर लॅटिनमधील काही संक्षिप्त अक्षरे मात्र आहेत. त्यांचा अर्थ, ‘अरागॉनच्या राजाचा जावई’. पत्नीपेक्षा सासऱ्याचा उल्लेख महत्त्वाचा का वाटला असेल? लिओनेल्लो हा निक्कोलो तिसरा याचा अनौरस मुलगा होता. १४४१ मध्ये वडील वारले आणि तो गादीवर बसला, तेव्हा त्यांचे औरस मुलगे लहान होते. ते मोठे झाल्यावर हक्क सांगण्याची शक्यता होती. अशा वेळी अरागॉन आणि नेपल्स या दोन्ही राज्यांचा धनी असलेला अल्फॉन्सो सासरा म्हणून लाभणे, हा मोठाच आधार होता. मारिया स्वतःही अल्फॉन्सोची अनौरस मुलगी होती. पदक तेही सांगत नाही.

हे पदक म्हणजे नाणे नव्हे आणि बक्षीसही नव्हे. अशी पदके मित्रांना, दरबारांना भेट म्हणून दिली जात. आपली प्रतिमा दूरवर पोचवण्याचे ते साधन होते. कल्पना आली ती रोमन नाण्यांवरून. लिओनेल्लोला या नाण्यांची आवड होती. ग्वारिनो दा वेरोना हा त्या काळातील नामवंत शिक्षक १४२९ मध्ये त्याला शिकवण्यासाठी फेराराला आला होता, आणि प्राचीन रोमची गोडी शिष्याला लागली त्यात या गुरूचा वाटा मोठा. पदक घडवणारा पिसानेल्लो हा मुळात चित्रकार. पदकाच्या मागच्या बाजूला त्याने ‘चित्रकार पिसानोचे काम’ अशी सहीच केली आहे.

नाणी ठशांमध्ये धातू दाबून पाडतात. एवढे मोठे आणि उठावदार पदक त्या काळी असे पाडणे शक्य नव्हते; म्हणून ते ओतले जाई. आधी मेणाचा नमुना करायचा, त्यावरून दोन्ही बाजूंचे साचे घ्यायचे आणि त्यांत वितळलेले ब्राँझ ओतायचे. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते. कथिलामुळे हे तापमान खाली येते.

अडचण अशी, की हाती आलेल्या पदकावरूनही साचा घेता येतो. त्यामुळे पुढच्या शतकांत प्रतींच्या प्रती निघाल्या. मग जुनी प्रत ओळखायची कशी? येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. ब्राँझचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१८ असतो. घट्ट झालेले ब्राँझ सुमारे ९०० अंशांनी थंड होते, असे धरू. ०.००००१८ × ९०० = ०.०१६२, म्हणजे सुमारे १.६ टक्के आकुंचन. १०० मिलिमीटरच्या पदकावरून काढलेली प्रत सुमारे ९८.४ मिलिमीटरची होईल, तिची प्रत ९६.८ ची, आणि तिचीही प्रत ९५.३ ची. शिवाय दर वेळी केसांच्या बटा आणि अक्षरांच्या कडा बोथट होत जातात. कडा कानशीने घासलेली असू शकते, म्हणून केवळ व्यास न मोजता चित्रातीलच दोन ठरावीक बिंदूंमधील अंतर मोजलेले बरे.

वर्गात एखादे जुने नाणे ओल्या मातीत दाबून साचा करावा, तो वाळल्यावर त्यात मेण ओतावे आणि नाण्यावरील दोन खुणांमधील अंतर व्हर्नियर कॅलिपरने दोन्हींवर मोजावे. येथे मातीही आकसते आणि मेणही, त्यामुळे फरक चांगला दिसतो.

मोजमापाने प्रत जुनी की नंतरची, हे ठरवायला मदत होते. प्रत अस्सल निघाली म्हणून तिच्यावरचा मजकूर मात्र पूर्ण सत्य ठरत नाही. त्यासाठी वेगळे प्रश्न लागतात: हे कोणी करवून घेतले, कोणाला दाखवण्यासाठी, आणि यात कोण नाही? लिओनेल्लोचे पदक त्याला काय सांगायचे होते ते सांगते. मारिया १४४९ मध्ये वारली आणि लिओनेल्लो १४५०मध्ये. गादी गेली त्याच्या बोर्सो या आणखी एका अनौरस भावाकडे, आणि १४७१ मध्ये औरस भाऊ एर्कोले याच्याकडे. हे सारे आपल्याला इतर साधनांतून जोडून घ्यावे लागते.