कुष्ठजंतू आणि तीन औषधे

१८७३ हे साल कुष्ठरोगाच्या इतिहासात दोन कारणांनी स्मरणीय ठरले. फेब्रुवारी महिन्यात नॉर्वेतील बर्गेन येथे डॉ. हान्सेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाचे जंतू पाहिले. आणि मे महिन्यात फादर दामियन हे बेल्जियमचे तरुण धर्मगुरू हवाई बेटांपैकी मोलोकाई येथील कुष्ठवसाहतीत दाखल झाले. एकाने रोगाचे कारण शोधले, दुसऱ्याने रोग्याला जवळ केले. औषध मात्र दोघांच्याही हाती नव्हते. १८८९ साली फादर दामियन त्याच रोगाने निवर्तले. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या सेवेची महती आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. परंतु पुढे या रोगावर औषध सापडले, ते निष्प्रभ होऊ लागले आणि त्यातून मार्ग कसा निघाला, ही हकीकत सहसा सांगितली जात नाही. ती येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे. कारण तिचा संबंध जितका औषधाशी, तितकाच आपल्या वागणुकीशीही आहे.

आपल्या देशात या रोगावर कडू कवठीच्या बियांचे तेल पूर्वापार वापरात होते. पुढे ते टोचूनही देऊ लागले. पण वेदना फार आणि गुण थोडा. त्यामुळे रोग्याला समाजापासून दूर ठेवणे हाच उपाय उरे. मुंबईचे ॲक्वर्थ कुष्ठरुग्णालय १८९० साली अशाच निराधारांचे आश्रयस्थान म्हणून सुरू झाले.

पालट घडला तो अमेरिकेत. लुईझियाना राज्यातील कारव्हिल येथे संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या परंपरेतील धर्मभगिनी १८९६ पासून कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. तेथे १९४१ साली डॉ. फॅजे यांनी ‘प्रोमिन’ हे औषध शिरेतून देऊन पाहिले. वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमा भरू लागल्या. या औषधाचे मूळ रूप म्हणजे ‘डॅप्सोन’. ते जर्मनीत १९०८ सालीच तयार झाले होते, पण त्याचा हा उपयोग कोणाच्या ध्यानी आला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची स्वस्त गोळी गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचली. रोगी घरी राहून उपचार घेऊ शकतो, असे प्रथमच म्हणता येऊ लागले.

हा आनंद अबाधित राहिला नाही. गोळी वर्षानुवर्षे, कित्येकांना तर जन्मभर घ्यावी लागे. कोणी कंटाळून सोडी, कोणी लोकलज्जेने दवाखान्याची पायरी टाळी. पुष्कळांना मात्राही अपुरी मिळे. काही रोगी बरे होऊन पुन्हा आजारी पडू लागले. दोष गोळी चुकवण्याचा की जंतूचा, हे ठरवणे कठीण होते, कारण हा जंतू प्रयोगशाळेतील पोषकद्रव्यावर वाढतच नाही. १९६० साली अमेरिकेतील डॉ. शेपर्ड यांनी तो उंदराच्या पावलात वाढवून दाखवला. त्याच पद्धतीने पेटिट आणि रीस यांनी १९६४ साली मलायातील सुंगई बुलोह येथील रोग्यांचे जंतू तपासले, आणि काही जंतू डॅप्सोनला दाद देत नाहीत हे निर्विवाद सिद्ध झाले. पुढे १९७७ साली इथिओपियातून त्याहून गंभीर वृत्त आले. ज्यांनी डॅप्सोन कधी घेतलेच नव्हते, अशा नव्या रोग्यांतही हे हट्टी जंतू आढळले. म्हणजे ते एकाकडून दुसऱ्याकडे पसरू लागले होते.

असे का व्हावे? रोग बळावलेल्या माणसाच्या शरीरात दहा हजार कोटींच्या घरात जंतू असू शकतात. साधारण अंदाज असा की, त्यांतील दहा लाखांत एखादा जंतू जन्मतःच डॅप्सोनला पुरून उरणारा असतो. औषध बाकीच्यांना मारते, आणि मोकळ्या रानात त्या उरलेल्यांचीच प्रजा वाढते. ‘रिफॅम्पिसिन’ हे १९७० च्या सुमारास आलेले औषध फार प्रभावी. पण त्यालाही कोटीत एखादा जंतू जुमानत नाही. दोन्ही औषधे एकदम दिली, तर दोहोंना पुरून उरणारा जंतू दहा लाख कोटींत एखादाच. इतके जंतू एका देहात नसतातच. जे एका औषधाला जमत नाही, ते जोडीने साधते, ते असे.

हा धडा क्षयरोगाच्या वैद्यांनी १९५० च्या दशकातच घेतला होता. त्यांच्याच विचाराने १९६० नंतर मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर अनेक औषधे एकत्र देण्यास प्रारंभ झाला, कारण कर्करोगाच्या पेशीही एकट्या औषधाला अशाच चकवतात. कुष्ठरोगासाठी तिसरे औषध डब्लिनहून आले. व्हिन्सेंट बॅरी या आयरिश शास्त्रज्ञाच्या चमूने क्षयरोगासाठी सिद्ध केलेले ‘क्लोफॅझिमिन’ कुष्ठरोगावर गुणकारी ठरले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी या तिन्ही औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. आज बहुजंतुक रोगी तो बारा महिने घेतो, आणि औषध विनामूल्य मिळते.

मात्र औषध बदलले तितक्या वेगाने मने बदलली नाहीत. ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात २००१ साली ‘असाध्य’ कुष्ठरोग हे कारण नव्याने घालण्यात आले. तेव्हा रोग साध्य होऊन वीस वर्षे लोटली होती! ते कलम २०१९ साली वगळले गेले. अशा धास्तीनेच माणूस चट्टा लपवतो, उपचार अर्धवट टाकतो. आणि अर्धवट उपचार हेच हट्टी जंतूंचे माहेरघर. जगातील नव्या कुष्ठरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात, हे विसरून चालणार नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांना प्रभूने याजकाकडे जाऊन स्वतःस दाखवण्यास सांगितले, कारण याजकाने शुद्ध ठरवल्याखेरीज त्यांना गावात परतता येत नसे. बरे होणे आणि आपल्या माणसांत परत येणे या दोन गोष्टी प्रभूने वेगळ्या मानल्या नाहीत. आपल्या धर्मग्रामात कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर त्याला आरोग्यकेंद्रात सोबतीने नेणे, बाराही महिने त्याची गोळी चुकू न देणे आणि मिस्सेच्या वेळी त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.