पास आउट होणे

शिक्षण किंवा प्रशिक्षण पुरे करून संस्थेतून बाहेर पडणे. मूळ इंग्रजी जोडक्रियापद. मराठीने त्याला ‘होणे’ जोडून घेतले. पुण्यात कॉलेजच्या कट्ट्यापासून हिंजवडीतल्या मुलाखतींपर्यंत ते सर्रास ऐकू येते. ‘पास होणे’ परीक्षेपुरते असते, ‘पास आउट होणे’ संस्थेशी बांधलेले: मुलगा गणितात पास होतो, पण फर्ग्युसनमधून पास आउट होतो. इंजिनिअरिंगची चारही वर्षे संपली आणि एक विषय राहिला, तर तो अजून पास आउट नव्हे. नोकरीच्या जाहिरातींत याचेच विशेषण बनते. ‘2024 पासआउट’ म्हणजे त्या वर्षी पदवी मिळालेले उमेदवार.

हा अर्थ पुणेकरांनी पदरचा घातलेला नाही. ब्रिटिश इंग्रजीत सैन्य, पोलीस वा अग्निशमन दलाचे प्रशिक्षण संपवणाऱ्यांसाठी हेच क्रियापद आहे. भारतात ते साध्या पदवीधरालाही लागू झाले, एवढाच फरक.

लष्करी वापराचे ठळक उदाहरण पुण्याजवळच आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए, कोनशिला 1949, औपचारिक उद्घाटन 1955) तीन वर्षांचे प्रशिक्षण संपले, की खेत्रपाल मैदानावर ‘पासिंग आउट परेड’ होते. मराठी वृत्तपत्रे तिला ‘दीक्षान्त संचलन’ म्हणतात. शब्द भारदस्त आणि नेमका आहे, पण छात्रांच्या घरी ‘पीओपी’च चालते. 30 मे 2025 रोजी 148व्या तुकडीबरोबर 17 मुली येथून प्रथमच पास आउट झाल्या. मात्र एनडीएतून पास आउट झालेला छात्र लगेच अधिकारी होत नाही. पुढे डेहराडून, एळिमला किंवा दुंडिगल येथील प्रशिक्षण उरते.

इंग्रजीत याच क्रियापदाचा दुसरा अर्थ ‘शुद्ध हरपणे’ असा आहे, आणि अमेरिकेत तोच आधी मनात येतो. त्यामुळे तिकडच्या मुलाखतीत ‘मी पुण्यातून पास आउट झालो’ याचे शब्दशः इंग्रजी टाळून ‘ग्रॅज्युएट’ हे क्रियापद वापरणे बरे. मराठीत बेशुद्धीसाठी हा प्रयोग तरुणांच्या बोलण्यात, तोही बहुधा दारूच्या संदर्भात येतो. एरवी माणसाला भोवळ येते, नाहीतर तो चक्कर येऊन पडतो.