तार कोणती लावावी?

माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी, वडिलांच्या पश्चात, एक जुनी गिटार आली. तिच्या पोटावर नेहमीच्या गोल भोकाऐवजी जाळीदार धातूचे झाकण होते. ती पुन्हा वाजती व्हावी या हौसेने त्याने दुकानात मिळाला तो सर्वांत जाड तारांचा संच आणला आणि एका ध्वनिमुद्रिकेत ऐकलेल्या स्वरांपर्यंत खुंट्या पिळल्या. दोनच दिवसांत झाकणाखालचा ॲल्युमिनियमचा शंकू खचला आणि दांडीला बाक आला. तारा मात्र शाबूत राहिल्या. वडिलांच्या हातचे वाद्य गेले आणि चार पैशांच्या तारा उरल्या, याचे त्याला फार वाईट वाटले. हे का घडले, याचे उत्तर त्या वाद्याच्या इतिहासात आहे.

गिटार हे मुळात तातीचे वाद्य. आतड्याच्या तारा, पातळ लाकूड आणि दिवाणखान्यापुरता आवाज, एवढाच तिचा संसार होता. तिला पोलादी तारेची गरज विशेष तीव्रतेने भासली ती प्रशांत महासागरातील हवाई बेटांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील वादक गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादाची कांडी सरकवू लागले. या पद्धतीचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. ज्यांनी विचित्रवीणा ऐकली आहे, त्यांना या वादनातील मींड परकी वाटणार नाही. कांडीखाली तात मंद पडते. पोलादी तार मात्र दीर्घ काळ गुंजत राहते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर या संगीताचे वेड अमेरिकाभर पसरले.

पण नाट्यगृहे मोठी होती आणि साथीला शिंगे, कर्णे व ढोल होते. त्या गदारोळात गिटार बुडून जाई. जॉर्ज बोशां नावाच्या रंगभूमीवरील वादकाने हे गाऱ्हाणे लॉस एंजेलिस येथील जॉन दोपयेरा या कारागिराकडे नेले. दोपयेरा हे स्लोव्हाक कुटुंबातून आलेले. त्यांनी लाकडी पोटाऐवजी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकू बसवले आणि घोडीचा भार त्यांवर टेकवला. ‘नॅशनल’ या नावाने १९२७ मध्ये ही गिटार बाजारात आली. तिचे अंग जर्मन सिल्व्हरचे होते. नावात चांदी असली तरी हा मिश्रधातू तांबे, जस्त व निकेल यांचा असतो. पुढे भागीदारांत बिनसले. दोपयेरा बाहेर पडले आणि भावांसह त्यांनी ‘डोब्रो’ काढली. हे नाव ‘दोपयेरा ब्रदर्स’ यांचा संक्षेप आहे. शिवाय स्लोव्हाक भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘चांगले’ असाही होतो. डोब्रोत शंकू एकच, वाडग्यासारखा उताणा. त्यावर आठ पायांचा कोळी बसावा तशी धातूची बैठक असते आणि तिच्यावर घोडी.

या रचनेतच तारांच्या निवडीचे मर्म आहे. तार नुसती कंप पावत नाही, ती घोडीला खाली दाबतही असते. दाब कमी पडला तर शंकू नीट बसत नाही, खरखरतो आणि आवाज पोकळ येतो. दाब फाजील झाला तर तो खचतो. आता ताणाचे गणित पाहू. फ्रेंच धर्मोपदेशक मेर्सेन यांनी १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे स्वराची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच तार तीन अर्धस्वर वर चढवली तर तिचा ताण सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. दोन अर्धस्वर उतरवली तर तो सुमारे २१ टक्क्यांनी घटतो. म्हणून तारेची जाडी एकटी काही सांगत नाही. ती कोणत्या स्वराला आणि कोणत्या दांडीवर चढणार, हे आधी ठरवावे लागते.

दांड्या दोन प्रकारच्या. चौकोनी दांडी मांडीवर आडवी ठेवून वाजवण्यासाठी असते. ती जाड असते व मोठा ताण सोसते. तिच्यावर खालून वर सा ग प सा ग प असे स्वर लावतात. त्यात सर्वांत खालची तार नेहमीच्या गिटारपेक्षा तीन अर्धस्वर चढी असते. या वाद्याला इंचाच्या सोळा हजारांशापासून छप्पन्न हजारांशापर्यंत जाडीचा संच सर्रास लावतात. जड कांडी तोलून धरायला तशाच भक्कम तारा हव्यात. गोल दांडी मात्र सर्वसाधारण गिटारप्रमाणे हाती धरण्यासाठी असते. दक्षिण अमेरिकी संस्थानांतील कृष्णवर्णीय ब्लूज गायकांनी तिच्यावर प सा प सा ग प असे स्वर लावले. यात तीन तारा दोन-दोन अर्धस्वर उतरतात आणि वाद्याचा भार हलका होतो. सहकाऱ्याची गिटार गोल दांडीची होती आणि तिच्यावर चढले चौकोनी दांडीचे स्वर, तेही जाड तारांनिशी. दोष तारेचा नव्हता, की शंकूचाही नव्हता. जोडी चुकली होती.

मोठ्या आवाजासाठी एवढा खटाटोप केला, तो आवाज लवकरच शिळा झाला. गंमत अशी, की बोशां यांनीच पुढे विजेच्या गिटारचा पाठपुरावा केला आणि १९३२ च्या सुमारास ती विक्रीस आली. महायुद्धात धातू युद्धकार्याकडे वळला व शंकूची गिटार मागे पडली. तरीही ती मेली नाही. १९५५ साली जोश ग्रेव्ह्ज यांनी फ्लॅट व स्क्रग्ज यांच्या वाद्यवृंदात डोब्रो आणली. मोठेपणासाठी नव्हे, तर तिच्या किंचित अनुनासिक, धातुमय स्वरासाठी लोक पुन्हा तिच्याकडे वळले.

आपल्या देशातही मांडीवरच्या गिटारने घर केले. टाऊ मो हे हवाईयन वादक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास राहिले होते. मुंबईत व्हॅन शिपले यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीते वाजवून ती घराघरांत पोचवली. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडला. यांची वाद्ये निराळी, पण प्रत्येकाला तार आणि अंग यांचा मेळ घालावाच लागला. तंबोऱ्याला पोलाद कोठे आणि पितळ कोठे, हे जाणणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही.

सहकाऱ्याने पुढे नवा शंकू बसवून घेतला आणि दांडी सरळ करवली. आता तिच्यावर बेताच्या तारा आहेत आणि स्वरही उतरते आहेत. वडिलांच्या वेळचा आवाज हाच का, हे त्याला सांगता येत नाही. पण रात्री घरची माणसे निजल्यावर तो ती काढून बसतो, आणि तेवढ्या वेळेपुरता तिचा आवाज पुरेसा असतो.