तिन्हीसांजा

12. तिन्हीसांजा : धारूरच्या घाटाचे वर्णन करताना लेखकाने हा शब्द सायंकाळच्या संधिप्रकाशासाठी वापरला आहे. ‘सांज’ हे संस्कृत ‘संध्या’चे प्राकृत ‘संझा’मार्गे आलेले रूप. अडते ते ‘तिन्ही’पाशी. प्रातः, माध्यान्ह आणि सायं अशा तीन संध्या शास्त्राने सांगितल्या. शब्दात तिन्ही आल्या, बोलण्यात अर्थ उरला तो शेवटच्या सांजेचाच. दिवस, रात्र आणि त्यांमधली वेळ अशा तिघांची गाठ, ही फोड लोकांना आवडते. प्रस्तुत संपादकाला ती मागाहून सुचलेली वाटते. शब्दाला धाकही चिकटला आहे : या वेळी झोपू नये, केर काढू नये, उंबऱ्यावर बसू नये. ‘दिवेलागण’ हा त्याचा घरगुती पर्याय. ‘गोरज’ म्हणजे परतत्या गुरांच्या खुरांची धूळ. तो आता मुख्यतः लग्नपत्रिकेत भेटतो. ‘कातरवेळे’तली हुरहूर इथे अभिप्रेत नाही.

पुढे येणारा ‘मगरीब’ मूळ अरबी. अर्थ, सूर्य मावळण्याची दिशा. 1948 पर्यंत निजामी अमलाखाली असलेल्या मराठवाड्यात तो परका नव्हे. मगरीबच्या नमाजाची वेळ सूर्यास्तापासून संधिप्रकाश ओसरेपर्यंत.

धारूरच्या अक्षांशावर (सुमारे 18.8 अंश उत्तर) सूर्य मावळल्यावर क्षितिजाखाली 6 अंश जायला साधारण 22 ते 24 मिनिटे लागतात. तिन्हीसांजेच्या तेवढ्या वेळात बैलगाडीने अख्खा घाट चढून झाला, हे लेखकाचे विधान सैल अर्थाने घ्यावे.