विद्युतचुंबकीय सुसंगततेचा इतिहास : जान्स्की, खोडद आणि होसकोटे

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे एक व्यावहारिक काम आले. अटलांटिकपार चालणाऱ्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, ते शोधायचे होते. त्याने २०.५ मेगाहर्ट्झवर काम करणारी फिरती अँटेना उभारली. जवळच्या व दूरच्या वादळांचा आवाज वेगळा काढल्यावरही एक मंद, सततचा आवाज उरलाच. तो रोज सुमारे चार मिनिटे लवकर येई, म्हणजे सूर्याच्या नव्हे तर ताऱ्यांच्या घड्याळाने चाले. हा आवाज आकाशगंगेकडून येतो, असे त्याने १९३३ मध्ये जाहीर केले. अशा रीतीने रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म व्यत्ययाच्या तपासातून झाला.

विद्युतचुंबकीय सुसंगततेच्या, म्हणजे ईएमसीच्या, प्रत्येक प्रश्नाचे तीन भाग असतात : व्यत्ययाचा स्रोत, तो पोहोचण्याचा मार्ग आणि बाधित होणारे यंत्र. उपाय या तीनपैकी कुठेतरीच करावा लागतो. तो कुठे आणि केव्हा करायचा, हाच या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

नियमांची वाटचाल

घरोघरी रेडिओ आल्यावर मोटारींचे प्रज्वलन, ट्रामच्या ठिणग्या आणि विजेची उपकरणे यांचा त्रास श्रोत्यांना जाणवू लागला. त्यावर आंतरराष्ट्रीय पातळीवर विचार करणाऱ्या सीआयएसपीआर या समितीची पहिली बैठक १९३४ मध्ये पॅरिसला झाली. पुढे संगणक आले. त्यांच्यातील क्लॉकचे स्पंद चौकोनी असल्यामुळे मूळ वारंवारतेच्या अनेक पटींपर्यंत ऊर्जा पसरते. म्हणून अमेरिकेच्या एफसीसीने १९७९ मध्ये डिजिटल उपकरणांच्या उत्सर्जनावर मर्यादा घातल्या. युरोपीय समुदायाने १९८९ च्या निर्देशात आणखी एक अट घातली : उपकरणाने इतरांना त्रास देऊ नये, आणि बाहेरचा त्रास स्वतः सहनही करावा. १९९६ पासून ही अट तेथे बंधनकारक झाली. भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सूक्ष्मतरंग विभागातून १९८४ मध्ये मुंबईत 'समीर' ही संस्था उभी राहिली. उत्पादनांची ईएमसी चाचणी हे तिचे एक महत्त्वाचे काम आहे.

खोडद : ऐकणाऱ्याची बाजू

याच टाटा संस्थेतील गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. जागा निवडताना भोवतालचे डोंगर आणि कमी रेडिओ गोंगाट या गोष्टी पाहिल्या गेल्या. म्हणजे येथे ईएमसीचा पहिला निर्णय जमिनीच्या नकाशावरच झाला.

अशी शांतता किती हवी, याचा हिशेब करून पाहू. ०.२ वॅटचा मोबाइल २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण करत चंद्रावर, म्हणजे ३.८४ लाख किलोमीटरवर, ठेवला आहे असे समजा. पृथ्वीवर त्याची तीव्रता सुमारे ५० जान्स्की भरते. (एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १०⁻²⁶ वॅट.) खोडदची दुर्बीण तर जान्स्कीच्या हजाराव्या भागाहूनही क्षीण स्रोत टिपते. मग आवारात फोन बंद का ठेवायला लावतात, ते वेगळे सांगायला नको.

परंतु गोंगाट बाहेरूनच येतो असे नाही. दुर्बिणीचे संगणक आणि वीजपुरवठा हेसुद्धा स्रोतच आहेत. म्हणून तेथील डिजिटल यंत्रणा धातूच्या कवचात ठेवावी लागते. पुढे दुर्बिणीचा एका वेळचा पट्टा ३२ वरून कमाल ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवला, तसा व्यत्ययही अधिक आत आला. उच्चदाब वीजतारांवरील ठिणग्यांचे क्षणिक स्पंद ओळखून ते गाळणारी संगणकीय पद्धत त्यासाठी विकसित केली गेली. मात्र गाळणीने विदाही थोडी जाते. उशिरा केलेल्या उपायाची ही किंमत आहे.

होसकोटे : शेजारी-शेजारी राहणे

आता दुसरे टोक पाहू, जिथे स्रोत आणि बाधित यंत्र एकाच चौकटीत असतात. बंगळूरजवळ होसकोटे येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे क्रेस्ट हे केंद्र आहे. आदित्य-एल१ यानाचे मुख्य उपकरण, व्हीईएलसी हा सौर प्रभामंडलदर्शक, तेथेच जुळवला गेला आणि २६ जानेवारी २०२३ रोजी इस्रोकडे सोपवला गेला. त्याच यानावर एक चुंबकमापीही आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्र तीस ते साठ हजार नॅनोटेस्ला असते. एल१ बिंदूपाशी ते साधारण काही नॅनोटेस्लाच असते. यानातील मोटारी आणि विद्युतप्रवाह यांचे क्षेत्र ते सहज झाकून टाकेल.

यावर उपाय आराखड्यातच होता. चुंबकमापीचे दोन संवेदक सहा मीटरच्या दांड्यावर, यानापासून तीन आणि सहा मीटरवर बसवले. लहान चुंबकीय स्रोताचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की ते आठव्या भागावर येते. दोन्ही मापनांतील फरकावरून यानाचा स्वतःचा वाटा अंदाजता येतो व वजा करता येतो. ११ जानेवारी २०२४ रोजी हा दांडा अवकाशात उलगडला. हाच विचार यान तयार झाल्यावर सुचला असता, तर दांड्याला जागाच उरली नसती.

आजचा प्रश्न

पुणे–नाशिक निमअतिजलद रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्ग जीएमआरटीमुळे अडला आहे. तेथील लोकांना रेल्वे हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्याही खऱ्या आहेत, आणि दुर्बीण दुसरीकडे उचलून नेता येत नाही. स्रोत, मार्ग, बाधित यंत्र ही तीच त्रयी येथे तालुक्याच्या आकाराची झाली आहे.

तुमच्या सर्किट बोर्डवरही हेच घडते. वीजपुरवठा संवेदकाच्या शेजारी ठेवण्याचा निर्णय कागदावर बदलायला काही मिनिटे लागतात. चाचणीत नापास झाल्यावर कवच, फिल्टर आणि नवा बोर्ड लागतो. म्हणून आराखड्याच्या पहिल्याच दिवशी विचारा : गोंगाट कोण करणार, तो कुठून जाणार आणि कोण ऐकत बसले आहे?