रुपयाची मोड

मला मधुमेह आहे. हे मी सहानुभूती मिळावी म्हणून सांगत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुकानदारांनी मला किती लिमलेटच्या गोळ्या चारल्या असतील, याचा वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो आहे. किराणा घ्या, वह्या घ्या, खिळे घ्या. वरच्या दोन-तीन रुपयांऐवजी हातात गोळ्या पडतात. आमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला तर मधुमेहाच्या गोळ्यांच्या पाकिटावरच उरलेल्या तीन रुपयांच्या तीन साखरेच्या गोळ्या ठेवीत असे. एका हातानं उतारा आणि दुसऱ्या हातानं विष!

एकदा मी हट्टानं त्या गोळ्या बरणीत साठवल्या. चाळीस झाल्यावर त्या घेऊन त्याच्याकडे गेलो आणि चाळीस रुपयांचं बाम मागितलं. त्यानं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी कळवळून म्हणाला, "आजोबा, हे काय पैसे आहेत का?"

प्रश्न त्याचा होता, पण चुकीच्या माणसाला विचारला होता. बरणी घेऊन मी घरी आलो.

आमच्या लहानपणी 'सुट्टे' म्हणत नसत, 'मोड' म्हणत. "रुपयाची मोड आहे का हो?" आमच्या घरात मोड दोन प्रकारची असे, एक मटकीला येणारी आणि दुसरी रुपयाला येणारी. पहिलीसाठी मटकी रात्री भिजत घालून फडक्यात बांधून ठेवली की काम भागे. दुसरीसाठी चार दुकानं हिंडून पाचव्या दुकानात नको असलेली काड्यापेटी विकत घ्यावी लागे. हे दुखणं आपल्या पिढीचंच, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. मग जरा इतिहासात डोकावलो आणि कळलं की, छे! हे तर आपलं घराण्यातलं दुखणं आहे.

पेशवाईत रुपया म्हणजे एक नाणं नव्हतं, ती एक जत्रा होती. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, बागलकोटकडचा मल्हारशाही रुपया. प्रत्येकाची चांदी निराळी, झीज निराळी. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत चालवायचा तर सराफ तो वाजवून बघे, नाक मुरडी आणि बट्टा कापून घेई. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो तो बट्टा हाच. आधी तो रुपयाला लागत असे, माणसाला लागू लागला तो मागाहून. आणि रुपया तरी रोज कोणाच्या हाती पडणार? भाजी, मीठ, पान-सुपारी यांचा व्यवहार तांब्याच्या खुर्द्यात चाले. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरची, एका अंगावर 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगावर 'छत्रपति' अशी अक्षरं असलेली शिवराई थेट इंग्रजी अमलापर्यंत लोकांच्या कनवटीला होती. पण रुपयाला शिवराया किती मिळणार, हा भाव कधी कायम नसे. मोठ्या नाण्याचं छोटं नाणं करायला गेलं की मधे कुणीतरी बसलेला असायचाच, आणि तो आपला वाटा काढून घ्यायचाच. त्याच्याकडे लिमलेटच्या गोळ्या नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

१८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या मुलखात सगळीकडे एकसारखा रुपया चालू केला. वजन एक तोळा. त्यामुळे रुपया नुसता बाजारातच नव्हे, स्वयंपाकघरातही चालू लागला. माझ्या आजीची लोणच्याची सगळी प्रमाणं 'रुपयाभार हिंग, दोन रुपयेभार मेथ्या' अशी असत. आजीनं आयुष्यात स्वतःचा म्हणून एक रुपया खर्च केला असेल की नाही, कोण जाणे. पण तागडीत टाकून तिनं तो हजारदा वापरला.

त्या रुपयाचं कुटुंब मोठं होतं. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. दुसऱ्या महायुद्धात धातूची इतकी ओढाताण झाली की १९४३ पासून सरकारनं पैशाच्या पोटातलं तांबं काढून घेतलं आणि मधोमध भोक असलेला पैसा काढला. 'पैशाला भोक पडलंय' ही तक्रार आपण नेहमीच करतो, पण सरकारनं स्वतः ते पाडून दिल्याचं हे उदाहरण विरळाच. आमच्या घरी ते पैसे पुढे पुष्कळ वर्षं होते. वडील ते खिळ्याखाली वायसर म्हणून लावीत.

मग आलं १९५७ साल. मी सात वर्षांचा होतो. आमचं घर साताऱ्याला. पुढे ओटी, मागे परस. परसात आड, आडाशी धुण्याचा दगड, मोरीच्या पाण्यावर पोसलेलं अळू, एक कढीलिंब, एक पेरू आणि देवाला फुलं देण्यापुरती जास्वंद. या परसाचं एक वैशिष्ट्य होतं. तिथे पैसा चालत नसे. शेजारच्या काकूंना अळू हवं असलं की त्या गडग्यापलीकडून हाक मारीत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गडग्यावर शेवग्याच्या शेंगा येऊन पडत. अळवाच्या किती पानांना किती शेंगा, हे कधी कुणी ठरवलं नाही. सराफ नाही, बट्टा नाही, मोडीचा प्रश्न नाही.

अशा या परसात मी पैसा पेरला.

झालं असं की, काहीही मागितलं की आई म्हणायची, "पैसे काय झाडाला लागतात?" मी विचार केला, लावल्याशिवाय लागणार तरी कसे? मार्च महिन्यातल्या एका दुपारी कोनाड्यात दळणासाठी ठेवलेली पावली मी उचलली, पेरूच्या बुंध्याशी हातभर अंतरावर पुरली आणि वर तांब्याभर पाणी घातलं. चार दिवस पाणी घातलं. पाचव्या दिवशी उकरून पाहिलं, तर पावली सापडेना! आसपासची माती अळवाच्या वाफ्यासाठी कुणीतरी खालीवर केली होती. मी नखं दुखेपर्यंत उकरलं आणि मग हात धुऊन पाढे म्हणायला बसलो.

पाढे म्हणजे तेव्हा नव्या नाण्यांचेच होते. एक एप्रिलपासून रुपयाचे शंभर नये पैसे होणार, हे शाळेत घोकून घेत होते. एका आण्याचे सहा नये पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे मात्र एकोणीस! खरं म्हणजे आण्याचे सव्वासहा होतात; पण पाव नया पैसा पाडणार कोण? त्यामुळे रुपया एकदम मोडला तर शंभर, आणि आणा आणा करून सोळा वेळा मोडला तर शहाण्णव. 'सोळा आणे सच' म्हणणाऱ्या देशात सच एकदम चार पैशांनी उतरलं. दुकानदार म्हणे आण्याच्या वस्तूचे सात द्या, गिऱ्हाईक म्हणे कोष्टकात सहा आहेत, आणि दोघंही कोष्टकाचा कागद एकमेकांच्या नाकासमोर नाचवीत. वडील म्हणायचे, या सगळ्या कोष्टकात सरळ माणसं तीनच. चार आणे, आठ आणे आणि बारा आणे. पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर. ना कमी ना जास्त.

इकडे आईला कोनाड्यात पावली दिसेना. आमच्याकडे एक भांडीवाल्या मावशी यायच्या. आडाशी बसून राखेनं भांडी घासायच्या, आणि पाणी भरायला माजघरातून जायच्या-यायच्या. आई त्यांना तोंडावर काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती परसाच्या दारात उभी राहून आकाशाला उद्देशून म्हणाली, "हल्ली घरातल्या वस्तूंना पाय फुटायला लागलेत. कोनाड्यात काही ठेवायची सोय राहिली नाही." मावशींचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा पातेल्यावर राख फिरायला लागली. मी पेरूच्या झाडावर बसलो होतो आणि उतरलो नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी कोनाड्यात तीन कोरी नाणी दिसली. दोन दहा-दहाची, झालरीसारख्या कडेची, आणि एक पाचाचं, चौकोनी. पंचवीस नये पैसे. चार आण्यांचे बरोब्बर. आईनं ती दोनदा मोजली आणि म्हणाली, "दिली बाई देवानं बुद्धी." देवानं ती कोणाला दिली नव्हती, हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं.

मावशींचा पगार महिना तीन रुपये होता. पावली म्हणजे त्यांची अडीच दिवसांची भांडी. हा हिशोब तेव्हा मला करता येत नव्हता. पुढे आला, आणि मग कधी विसरता आला नाही. त्यानंतर त्या माजघरात पाऊल टाकीनाशा झाल्या. घागरी परसाच्या पायरीवर ठेवायच्या आणि "वैनी, पाणी ठिवलंय" म्हणून मागे वळायच्या. दिवाळीनंतर काम सोडून त्या कोरेगावला लेकीकडे गेल्या.

नाणी बदलत राहिली. १९६४ मध्ये पैशाचं 'नये'पण संपलं. त्याच साली ॲल्युमिनियमचा षट्कोनी तीन पैसा आला. तो इतका हलका की वारा सुटला तर गल्ल्यातून उडेल अशी भीती वाटे. १९६८ मध्ये पिवळाधमक वीस पैसा आला. तो बायकांनी खर्चण्याऐवजी डब्यात टाकला. सरकार नाणी पाडी आणि लोक ती साठवीत, नाहीतर वितळवीत. कारण नाण्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा त्यातल्या धातूचाच भाव चढायचा. शेवटी १९७१ साली लहान नाणी वितळवणं आणि साठवून ठेवणं हा गुन्हा ठरवणारा कायदाच झाला. तरी मोड मिळेना ती मिळेनाच. बसचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायचा, आणि ती वसूल करायला त्याच्यामागून धावण्यापेक्षा माणूस ती सोडून द्यायचा. चार पैसे सोडणं हा ज्याला परवडतं त्याचा उदारपणा. ज्याला परवडत नाही, त्याच्याकडून ते सोडवूनच घेतलेले असतात.

जून २०११. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी तीस तारखेपासून बंद, अशी बातमी होती. आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. पुण्याला माझ्याकडेच असे. रोजचा पेपर मी तिला वाचून दाखवायचो. ती बातमी वाचली आणि काय झालं कोण जाणे, चोपन्न वर्षं पुरून ठेवलेली पावली माझ्या तोंडातून बाहेर पडली.

आई पुष्कळ वेळ बोलली नाही. मला वाटलं, तिला ऐकू आलं नसावं. मग म्हणाली, "चोपडी काढ."

आईचा जमाखर्च शेवटपर्यंत चोपडीत असे. तिनं थरथरत्या हातानं लिहिलं: 'भांडीवाल्या मावशी. देणे रु. ०-४-०.'

"अगं, आणे कशाला लिहितेस? पंचवीस पैसे लिही."

"पंचवीस पैसे सरकार बंद करतंय म्हणालास ना आत्ता? आणे कधीच बंद झालेत. त्यांना आता आणखी कोण बंद करणार?" चष्मा काढून तिनं तो पदरानं पुसला. "पावली तू पुरलीस रे. पण तिला नाही नाही ते ऐकवलं ते मी."

मी कोरेगावला जाऊन आलो. चार आण्यांचं काय करायचं हे मला कळत नव्हतं; पाकिटात शंभराच्या नोटा घेऊन गेलो होतो. पण नुसत्या 'मावशी' या नावावर पन्नास वर्षांपूर्वीचं माणूस कसं शोधणार? आम्हांला त्यांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं, हे मला तिथे स्टॅण्डवर उभं असताना लक्षात आलं. दोन वर्षांनी आई गेली. चोपडी माझ्याकडे आहे. त्यातली बाकी सगळी खाती मिटलेली आहेत.

आता मोडीचा प्रश्न मिटला म्हणतात. आमच्या सोसायटीसमोर हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईंनी तो काळापांढरा ठिपक्याठिपक्यांचा चौकोन गाडीच्या दांडीला सुतळीनं बांधला आहे. साडेसदतीस रुपये झाले तर फोनवरून बरोब्बर साडेसदतीसच जातात. ना सराफ, ना बट्टा, ना लिमलेट. पन्नास पैशाचं नाणं कायद्यानं अजून चालतं, पण घेत कोणी नाही; फोनमधले पन्नास पैसे मात्र सगळे घेतात.

परवा मात्र फोनला रेंज नव्हती. खिशातले रोख पैसे पाच रुपयांनी कमी पडले. बाई म्हणाल्या, "राहू द्या आजोबा, उद्या द्या."

मी तीन जिने चढून वर गेलो, पाचाचं नाणं घेतलं, तीन जिने उतरलो आणि त्यांच्या हातात ठेवलं. धाप लागली होती. त्या हसायला लागल्या. "पाच रुपयांसाठी एवढं काय वो? मी काय पळून चाललेय?"

मी म्हटलं, "तुमचं नाव काय?"

त्यांनी सांगितलं, आणि माझ्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी तशीच टाकली. पैसे घेतले नाहीत. नाव मी घरी येऊन चोपडीत लिहिलं. कोथिंबीर कशी लिहायची, ते अजून ठरलेलं नाही.